वाचकांचे प्रश्न : देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा मान

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे या वेळी ती एकत्र घेतली आहेत. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील मंडळीत, दया प्रत्यक्ष कशी आचरावी, हा तो विषय. पत्रलेखकांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात गेली सहा वर्षे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात गरजू कुटुंबांना शिधा दिला जातो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर आणि चहापावडर एवढे सामान रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) चर्चच्या आवारात वाटले जाते आणि त्याचे फोटो धर्मग्रामाच्या पत्रकात व व्हॉट्सअॅप गटावर टाकले जातात. या वर्षी यादीतील तीन कुटुंबे आलीच नाहीत. त्यांपैकी एका विधवा भगिनीने "आमचं नाव यादीतून काढा, आम्ही भागवू" असा निरोप पाठवला. देणगीदार म्हणतात, फोटो नसतील तर पैसे योग्य ठिकाणी गेले हे कळणार कसे? आमचे कुठे चुकले? (एक कार्यकर्ता, वसई)

उत्तर : प्रिय बंधू, शिधा देणे चुकलेले नाही. तो ज्या जागी आणि ज्या वेळी दिला जातो, ते चुकले आहे. हे मी ठामपणे लिहितो, कारण तीच चूक मी स्वतः केली आहे.

धर्मगुरू म्हणून माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही चर्चच्या पडवीत टेबल मांडून तांदूळ वाटले होते. धर्मशिक्षण वर्गातील मोठी मुले पिशव्या उचलून देत होती. रांगेत एक बाई होती आणि तिच्या मागे दहा-अकरा वर्षांची तिची मुलगी. टेबल जवळ आले तशी ती मुलगी रांगेतून बाजूला झाली आणि पडवीच्या खांबाआड भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण पिशव्या देणारी मुलगी तिच्याच वर्गातील होती. आईने पिशवी घेतली, वहीत अंगठा उठवला आणि मागे न पाहता ती फाटकाकडे चालू लागली. मुलगी बरेच अंतर ठेवून तिच्या मागून गेली. पुढच्या रविवारपासून ती धर्मशिक्षणाला आली नाही. आम्ही त्या घरात पाच किलो तांदूळ पोहोचवले आणि त्याच दिवशी त्या लेकराचा रविवार काढून घेतला.

आपल्या धर्मग्रामातील त्या भगिनीने पाठवलेला निरोप मी याच प्रसंगाच्या आठवणीने वाचला. "आम्ही भागवू" या शब्दांचा अर्थ त्यांना गरज उरलेली नाही असा होत नाही. सगळ्या गावादेखत हात पसरण्यापेक्षा उपास परवडला, असा होतो. उजवा हात काय देतो हे डाव्या हातालाही कळू नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, ते आपण सहसा देणाऱ्याच्या अहंकारावरचे औषध म्हणून वाचतो. मला वाटते, त्या वचनात घेणाऱ्याचा मान राखण्याची काळजीही तितकीच आहे.

देणगीदारांच्या शंकेत तथ्य आहे आणि तिचे उत्तर हिशेबाने द्यावे. धर्मग्रामाच्या पत्रकात किती कुटुंबांना मदत झाली, किती रुपये आले, किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहेत, हे दर महिन्याला छापावे. दुकानदाराची बिले खजिनदाराबरोबर एका देणगीदार प्रतिनिधीनेही तपासावीत. कुटुंबांच्या नावांची नोंदवही मात्र धर्मगुरू आणि दोन कार्यकर्ते यांच्यापलीकडे कोणाच्या हाती जाऊ नये. त्यानंतरही ज्याला फोटो हवाच असेल, त्याला तो नम्रपणे नाकारावा. त्याची देणगी थांबली तरी चालेल.

आता वाटपाच्या पद्धतीविषयी. संत विन्सेंट डी पॉल हे 1617 मध्ये फ्रान्समधील शातियों या गावी धर्मगुरू होते. ऑगस्टमधील एका रविवारी ते मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असताना गावाबाहेरील एका घरात सगळेच आजारी असून मदतीला कोणी नाही, असे त्यांना कळले. त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी स्वतः तिकडे निघाले, तेव्हा वाटेने बायकांची रीघ लागलेली, कोणी अन्न घेऊन जाणाऱ्या, कोणी देऊन परतणाऱ्या. गावाचे मन केवढे मोठे, हे त्यांनी पाहिले आणि त्याच क्षणी त्यातील उणीवही ओळखली : आज आलेले अन्न त्या घराला संपणार नाही, ते नासून जाईल, आणि चार दिवसांनी चूल पुन्हा थंड असेल. म्हणून त्यांनी त्या स्त्रियांचा गट बांधला, पाळ्या ठरवल्या आणि नियम लिहिले. ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. आजाऱ्याला हसतमुखाने भेटावे, त्याच्यासमोर रुमाल अंथरावा, पेला व चमचा मांडावा, त्याचे हात धुवावेत, मग जेवू घालावे, आणि हे सारे पोटच्या मुलासाठी करावे तसे करावे, असे त्यांत सांगितले आहे. ज्यांच्या घरी सोबतीला कोणी आहे त्यांच्याकडे आधी जावे आणि एकटे असणाऱ्यांकडे शेवटी, म्हणजे त्यांच्याजवळ अधिक वेळ बसता येईल, हेही एक कलम आहे. चारशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य मी आमच्या कार्यकर्त्यांना दर वर्षी वाचून दाखवतो.

पुढे 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संघटना सुरू केली. तेव्हाही गरिबांत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रँदू यांनी त्या मुलांना गरिबांच्या थेट घरी जायला शिकवले. आज आपल्या धर्मग्रामांतील व्हिन्सेंट डी पॉलचे सभासद जोडीने गृहभेटी देतात, त्या परंपरेचे मूळ येथे आहे.

आपणही तसेच करावे. दोघांनी मिळून संध्याकाळी घरी जावे, त्यांनी चहा केला तर तो घ्यावा आणि सामानाची पिशवी बोलण्याच्या सुरुवातीला पुढे करू नये. अर्धा तास बसल्यावर पुष्कळदा असे कळते की, तांदूळ रेशनवर मिळतात, अडले आहे ते सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे किंवा मुलाच्या बारावीच्या फीचे. किराणा द्यायचाच असेल, तर गावातील दुकानात धर्मग्रामाचे खाते उघडून ठराविक रकमेपर्यंतचे सामान त्या कुटुंबाने स्वतः निवडून आणावे अशी सोय करता येते. इतर गिऱ्हाइकांसारखे दुकानात उभे राहून "अर्धा किलो मूगडाळ द्या" म्हणता येणे, ही लहान गोष्ट नाही.

त्या विधवा भगिनीकडे पहिल्या भेटीत रिकाम्या हाताने जा आणि क्षमा मागा. गटावरील आणि कार्यालयाच्या संगणकातील जुने फोटो काढून टाकले आहेत, हे त्यांना सांगता येईल असे आधी करून मगच जा. आणि त्यांच्याकडून काहीतरी मागा. सणासाठी फुले गुंफणे असो, गाण्यांचा सराव असो की मिस्साच्या वेळी शास्त्रपाठ वाचणे असो, त्यांना जे येत असेल ते. ज्याच्याकडून कोणी काहीच मागत नाही, त्याला आपण मंडळीत आहोत असे वाटत नाही.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात नव्या इमारतींमध्ये भाड्याने राहणारी, बाहेरून आलेली कॅथलिक कुटुंबे वाढली आहेत. शिवाय वाडीत काम करणाऱ्या एका आदिवासी मजुराच्या, म्हणजे बिगर-ख्रिस्ती माणसाच्या, दवाखान्यासाठी मदतीचा अर्ज आला आहे. पाळकीय मंडळात काही जण म्हणतात, निधी गावकऱ्यांचा आहे, आधी आपल्या माणसांचे पाहावे. काय करावे? (मंडळाची एक सदस्य, विरार)

उत्तर : प्रिय भगिनी, हा वाद ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधील पहिल्या मंडळीची तक्रार नोंदवलेली आहे : रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते आणि स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळत होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी वाटपासाठी सात जण निवडून घेतले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर स्तेफन, फिलिप्प, प्रखर अशी सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्यातील माणसांच्या हाती व्यवस्था गेली असावी, असाच त्याचा अर्थ मला दिसतो. आपल्या मंडळात नव्या इमारतींमधील किती जण आहेत, हे आधी मोजा. कोणीच नसेल, तर निधीच्या चर्चेपूर्वी ती निवड करा.

त्या मजुराविषयी मला एकच वाक्य लिहायचे आहे. जखमी माणसाला उचलून धर्मशाळेत नेणाऱ्या आणि "याहून जास्त खर्च झाला तर परत येताना देईन" असे म्हणणाऱ्या, येशूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाने त्याला कोणत्या देवाचा आहेस असे विचारले नव्हते. या मदतीबरोबर प्रार्थनेला येण्याची अट किंवा तशी सूचनाही नसावी. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रात स्पष्ट लिहिले आहे की, सेवेचा उपयोग धर्मप्रसाराचे साधन म्हणून करता येणार नाही.

प्रश्न : माझ्या पुतण्याने पाच महिन्यांपूर्वी स्वतःचे जीवन संपवले. तो सत्तावीस वर्षांचा होता. अंत्यविधी चर्चमध्ये झाला, परंतु दफनभूमीतच एका वडीलधाऱ्या गृहस्थाने "पूर्वी अशांना इथे आणत नसत" असे उद्गार काढले आणि ते माझ्या वहिनीच्या कानावर गेले. तेव्हापासून ती मिस्साला येत नाही. शेजारीपाजारी घरी येणे टाळतात, काय बोलावे हे त्यांना कळत नाही. आम्ही काय करू? (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : प्रिय भाऊ, आपल्या पुतण्यासाठी मी आज सकाळच्या मिस्सात प्रार्थना केली, हे प्रथम आपल्या वहिनींना सांगा.

त्या गृहस्थांनी जे सांगितले ते एके काळी खरे होते. 1917 च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या नियमांच्या, संहितेत जाणूनबुजून जीवन संपवणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. 1983 च्या संहितेतून ती वगळण्यात आली. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2282 व 2283 या परिच्छेदांत तीव्र मानसिक व्यथा, यातना किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे मान्य केले आहे. अशा व्यक्तीच्या सार्वकालिक तारणाविषयी आशा सोडू नये, परमेश्वर केवळ स्वतःलाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्या व्यक्तीला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेही तेथे सांगितले आहे. हे परिच्छेद आपल्या धर्मगुरूंनी प्रवचनात, कोणाचेही नाव न घेता, वाचून दाखवावेत अशी विनंती त्यांना करा. अज्ञानाने बोललेला शब्द मनात वर्षानुवर्षे राहतो, आणि अज्ञान दूर करणे हेही ख्रिस्तसभेने सांगितलेल्या दयेच्या चौदा कृत्यांपैकी एक आहे.

त्या चौदांपैकी मृतांना मूठमाती देणे, दुःखिताचे सांत्वन करणे आणि जिवंत व मृत यांच्यासाठी प्रार्थना करणे ही तीन कृत्ये आपल्या वहिनींच्या दारात एकत्र आली आहेत. लिस्बनमध्ये 1498 साली राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे दया, या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला, तो याच चौदा कृत्यांवर. फासावर चढवलेल्या गुन्हेगारांचे अवशेष उतरवून त्यांना सन्मानाने पुरणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. पोर्तुगीज अमलात त्याची शाखा आपल्या वसईच्या किल्ल्यातही होती. ज्यांना जगाने टाकले त्यांनाही मातीत मान मिळावा, ही भावना ख्रिस्तसभेत नवी नाही. मधल्या काळात आपण ती आखडती घेतली.

आता घरच्या आणि शेजारच्या लोकांनी काय करावे. ज्यांना काय बोलावे कळत नाही, त्यांनी काही न बोलता जावे. "का केले असेल?" हे विचारू नये, "देवाची इच्छा" असे म्हणू नये, आणि दुसऱ्या कोणाच्या घरातील अशाच घटनेची गोष्ट सांगू नये. मुलाचे नाव मात्र घ्यावे. तो कसा हसत असे, क्रिकेटच्या मैदानातून कोणत्या वाटेने घरी येत असे, त्याला आईच्या हातचे काय आवडे, हे बोलावे. एका घरी मी असाच गेलो असताना आईने आतून मुलाचा इस्त्री केलेला शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "फादर, याची बाही मी परवाच शिवली." मी तो शर्ट हातात धरून तासभर बसलो. त्याहून वेगळे काही करण्यासारखे नव्हते.

वहिनींना मिस्साला चला असा आग्रह इतक्यात करू नका. रविवारी मिस्सा संपल्यावर दोन जणींनी त्यांच्या घरी जावे, त्या दिवशीचे शुभवर्तमान हवे असल्यास वाचावे, त्यांची तयारी असेल तर ख्रिस्तप्रसाद घरी नेण्याविषयी धर्मगुरूंशी बोलावे. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिवशी त्या मुलाच्या कबरीवर इतरांच्या कबरींसारखीच फुले व मेणबत्त्या असाव्यात आणि गावातील पाच-सहा कुटुंबे आपापल्या माणसांच्या कबरींकडून तेथे येऊन थांबावीत, याची व्यवस्था आतापासून करा. झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा त्या स्वतःही जगण्याविषयी निराशेचे बोलत असतील, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्यायला उशीर लावू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. डॉक्टरांकडे जाणे हे श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण आहे, असे कोणी म्हटले तर माझ्या नावाने त्याला नाही म्हणून सांगा.

प्रश्न : शेजाऱ्यांनी बांध दोन हात आमच्या बाजूला सरकवला म्हणून आमचा त्यांच्यावर आठ वर्षे दावा चालू आहे. दोन्ही घरे एकाच मिस्साला जातात. शांतीची खूण देताना आम्ही दुसरीकडे वळतो. आता त्या गृहस्थांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते, त्यांची दोन्ही मुले नोकरीनिमित्त परदेशी असतात. माझी पत्नी म्हणते, भेटून या. मुलगा म्हणतो, भेटायला गेलात तर आपली बाजू लंगडी पडेल. क्षमा करणे म्हणजे दावा मागे घेणे का? (एक शेतकरी, वसई)

उत्तर : प्रिय बंधू, नाही. क्षमा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 13 मे 1981 रोजी गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जाला त्यांनी क्षमा केली आणि 27 डिसेंबर 1983 रोजी रोमच्या तुरुंगात जाऊन ते त्याच्याशेजारी बसून बोलले. ती भेट झाली म्हणून कोठडीचे दार उघडले नाही. त्याला इटलीत माफी मिळाली ती 2000 साली. सातबारा आणि मोजणीचा नकाशा काय म्हणतो, ते न्यायालय ठरवील. आजारी शेजाऱ्याला भेटल्याने आपला हक्क बुडत नाही. चिरंजीवांची तरीही खात्री पटत नसेल, तर त्यांनी आपल्या वकिलांनाच विचारावे.

वसईत जमिनीचे भाव चढले तसे बांधावरचे वादही वाढले, आणि सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतालाही न गेल्याचे मी पाहिले आहे. त्यामुळे आपण हा प्रश्न विचारलात याचेच मला मोल वाटते. वेदीकडे अर्पण नेताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने सांगितले. चूक कोणाची, हे त्या वचनात विचारलेलेच नाही.

म्हणून पत्नीचे ऐका. जाताना कागदपत्रे, मध्यस्थ किंवा तडजोडीचा प्रस्ताव नेऊ नका, कारण अशा वेळी नेलेला प्रस्ताव आजाऱ्याला सावकारासारखा वाटतो. बांधाचा विषय त्यांनी काढला तरी "ते न्यायालयात पाहू" एवढेच म्हणा. ते तोंड फिरवतील हेही शक्य आहे. तसे झाले, तर त्यांच्या पत्नीची विचारपूस करा. डायलिसिसला चार-चार तास लागतात, मुले दूर आहेत, म्हणजे बहुधा त्या बाईच प्रत्येक वेळी रिक्षा शोधून त्यांना घेऊन जात असतील. आठवड्यातल्या तीन खेपांपैकी एका खेपेला मी नेतो, असे त्यांना सांगा. आणि वार ठरवूनच घरी परत या.